भेग वरच्या बाजूला

गल्लीच्या तोंडाशी दोन जावांचं केकचं दुकान होतं. दोघी एकाच घरात राहून, एकाच दुकानात राबूनही कधी भांडत नाहीत, याचं लोकांना मोठं नवल वाटे. कारण साधं होतं. भांडायला दोन माणसं लागतात, आणि थोरल्या जाऊबाई भांडायला यायच्याच नाहीत. धाकटीला त्याचाच जास्त राग यायचा.

कामाची वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली. मागच्या खोलीतली भट्टी थोरल्या जाऊबाईंची, आणि पुढच्या खोलीत काचेच्या खिडकीजवळचं लांब टेबल धाकटीचं. थोरल्या जाऊबाई मैदा, लोणी, अंडी आणि भिजवलेला सुका मेवा यांत कोपरापर्यंत बुडालेल्या असत. त्यांचं तोंड गिऱ्हाइकाला महिन्यातून एकदा दिसलं तर दिसलं. धाकटी मात्र खिडकीत. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून तिचे हात बघत बसायची. साखरेचा लगदा, तीन सुया, एक चिमटा, आणि बघता बघता गुलाब उमलायचा. तिला सगळे नक्षीबाई म्हणत. हे नाव तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की कुणी नुसतं ‘बाई’ म्हटलं, तर तिला अर्धीच हाक मारल्यासारखं वाटे.

नाताळचा केक हा तर तिचा हातखंडा. आता यात एक धंद्यातली गोम आहे. भट्टीत केक फुगतो, मध्ये टेंगूळ येतं आणि वरून भेग पडते. म्हणून सजावट करणारे केक सरळ उलटा घालतात. तळाची सपाट बाजू वर येते, भेग खाली जाते, कडेला राहिलेली फट बदामाच्या लगद्यानं बुजवायची, वर बदामाचा जाड थर, त्यावर अंड्याचा पांढरा भाग आणि पिठीसाखर घोटून केलेल्या आयसिंगचे दोन हात. ते आयसिंग वाळलं की भिंतीसारखं टणक होतं. मग त्यावर गुलाब, पानं, झालर. आत कसला केक आहे हे चाकू लागेपर्यंत देवालाही कळू नये, असं काम.

भेग कुणाच्याही केकला पडते. पण वर्षानुवर्षं ती झाकत बसणाऱ्या माणसाला ती दुसऱ्याचा दोष वाटू लागते. धाकटीचं तेच झालं होतं. आपण झाकतो म्हणून दुकान चालतं, हे तिनं मनात पक्कं धरलं होतं.

त्यात भर घातली होती ती वृद्धाश्रमानं. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला वृद्धाश्रम होता. नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी तिथं दुकानाचा मोठा केक जायचा. तो घेऊन जायचं, कापायचं, वाढायचं काम थोरल्या जाऊबाईंचं. धाकटीला त्या दिवशी खिडकीतून हलायला फुरसत नसे. पण थोरल्या जाऊबाई परतल्या की ती हातातलं काम टाकून दारात यायची आणि विचारायची, काय म्हणाले? मग थोरल्या जाऊबाई चपला काढता काढता सांगत. तिथं एक म्हातारे घड्याळजी होते, जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेले. ते म्हणे एका वर्षी म्हणाले, “इतकी बारीक पाकळी मी फक्त घड्याळाच्या पोटात बघितली आहे.” दुसऱ्या वर्षी कुण्या आजींना गुलाब खाववेना, तो त्यांनी उशाशी ठेवला. हे सगळं धाकटी पुढे गिऱ्हाइकांना सांगायची. घड्याळजींचं वाक्य तर तिनं इतक्यांदा सांगितलं होतं की नेहमीची गिऱ्हाइकं ते तिच्या आधीच पुरं करत. तिला त्या वाक्यानं हरभऱ्याच्या झाडावर चढवून ठेवलं होतं, आणि खाली उतरायची तिला काही गरजही वाटत नव्हती.

यंदा नाताळला आठ दिवस राहिले असताना थोरल्या जाऊबाईंनी निरोप आणला. आश्रमाच्या बाईंचं म्हणणं होतं की या वर्षी सजावट जरा हलकी करा. म्हाताऱ्यांचे दात नाहीत, निम्म्यांना साखर वर्ज्य आहे. ती जाड साखर नको, वर थोडी फळं, बदाम, एवढंच पुरे. थोरल्या जाऊबाई हे सगळं हातातल्या चाळणीकडे बघत बोलल्या.

धाकटीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, तिचा नवरा कोपऱ्यात पुठ्ठ्याची खोकी जुळवत बसला होता, याचंही तिला भान राहिलं नाही.

“हे आश्रमाच्या बाई म्हणाल्या, की तुम्ही त्यांच्याकडून म्हणवून घेतलंत?” तिनं विचारलं.

थोरल्या जाऊबाई चाळणीची कड बोटानं पुसत राहिल्या.

“ताई, तुमचा केक माझ्या साखरेखाली झाकलेला असतो, म्हणून खपतो. एकदा उघडा नेऊन ठेवा. मग कळेल कोण विचारतंय त्याला ते.”

एक गिऱ्हाईक जॅमच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचू लागलं. नवऱ्यानं खोक्यात डोकं घातलं. थोरल्या जाऊबाईंनी चाळणी दोनदा झटकली, “हलकं कर, एवढंच,” म्हणाल्या आणि मागच्या खोलीत गेल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं धाकटीला क्षणभर वाटलंही. पण बोललेला शब्द मागे घेण्यापेक्षा तो खरा करून दाखवणं तिला सोपं वाटलं.

त्या सात दिवसांत तिच्या डोक्यात एक बेत शिजला. हलकं हवंय ना? करू की हलकं. इतकं हलकं की सगळं उघडं पडेल.

आदल्या दिवशी सकाळी तिनं आश्रमाचा केक टेबलावर घेतला. दोन महिन्यांपूर्वी भाजलेला, दर आठवड्याला थोडी रम पाजून कापडात गुंडाळून ठेवलेला. कापड काढलं तर मध्ये मोठं टेंगूळ, आणि त्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत भेग. दोन्ही हातांनी केक उचलून उलटा घालायची तिची इतक्या वर्षांची सवय. हात आपोआप पुढे गेले. ते तिनं मागे घेतले. केक तसाच ठेवला, भेग वर.

मग तिनं जर्दाळूचा जॅम कोमट करून गाळला आणि ब्रशनं पातळ हात मारला. नेहमी हा जॅम वरचा थर चिकटायला म्हणून लावतात; आज तोच शेवटचा हात होता. भेगेत तिनं जरा जास्तच जॅम सोडला, म्हणजे ती चमकेल आणि लांबून दिसेल. बाजूनं सोललेले बदाम, अक्रोड, संत्र्याच्या सालीच्या पाकवलेल्या फाका आणि चेरी मांडली. मांडताना मात्र तिचा हात तिचं ऐकेना. वाकडंतिकडं टाकायचं ठरवलं होतं, पण बदामाची टोकं आपोआप एका दिशेला वळत गेली. भेग तेवढी तिनं मोकळी ठेवली. एरवी तीन दिवस खाणारं काम अर्ध्या तासात उरकलं.

थोरल्या जाऊबाई खोकं घेऊन आल्या. त्यांनी केककडे बघितलं. जरा वेळ बघितलं.

“झालं?” त्यांनी विचारलं.

“झालं. हलकं म्हणाला होतात ना.”

त्यांनी केक खोक्यात सरकवला आणि झाकण लावलं. धाकटीनं एप्रन सोडलं, खिडकी नवऱ्याच्या हवाली केली आणि यंदा मीही येते म्हणाली. जावेची फजिती तिला ऐकायची नव्हती, बघायची होती. हे वाचायला बरं वाटत नाही, पण होतं ते असं होतं. वाटेत थोरल्या जाऊबाईंनी तिला खोक्याची एक बाजू धरायला सांगितली. धाकटीनं धरली. या बाईंना एक केकही एकटीनं उचलवत नाही, असं तिच्या मनात आलं.

आश्रमाच्या जेवणघरात लांब टेबलाभोवती बावीस माणसं बसली होती. काहींच्या खुर्च्यांना चाकं होती. फिनेल आणि सूप यांचा मिसळलेला वास, खिडक्यांना कागदी चांदण्या. टेबलाच्या एका टोकाला टापटीप कपड्यांतला एक म्हातारा बसला होता. त्याच्यासमोर एक मोठं रिकामं पातेलं, शेजारी घडी केलेला रुमाल, आणि रुमालावर बोटाएवढी हातोडी. धाकटीनं ओळखलं, हेच ते घड्याळजी. म्हातारपणीही हत्यार जवळ ठेवतात, हे बघून तिला आपलेपणा वाटला. ती मुद्दाम त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

थोरल्या जाऊबाईंनी झाकण काढलं.

सगळ्या माना केककडे वळल्या. आता बघा, धाकटीला वाटलं.

“अरेच्चा,” घड्याळजी म्हणाले. “म्हणजे यंदा मला सुट्टी?”

टेबलभर हसू पसरलं. आश्रमाच्या बाईंनीही हसत येऊन ते पातेलं उचललं आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. धाकटीला काहीच उमजेना. पातेलं कशाला होतं, असं तिनं घड्याळजींना विचारलं. ते तिला ओळखत नव्हते. दुकानातून मदतीला आलेली कुणीतरी, असं समजून त्यांनी कौतुकानं सांगितलं. दर वर्षी केकवर साखरेचं कवच असतं, विटेसारखं. चाकू चालत नाही. पहिल्या वर्षी एका आजींची कवळी मोडली, तेव्हापासून फोडायचं काम घड्याळजींकडे. हातोडीनं चौफेर ठोकायचं, कवच तुकड्यातुकड्यांनी निघतं, ते पातेल्यात. मग खाली केक मिळतो. तो मात्र काय केक असतो म्हणून सांगू, ते म्हणाले.

पलीकडच्या आजींनी माहिती पुरी केली. पातेल्यातली साखर वाया जात नाही, पुढे पंधरा दिवस चहात घालतात. “पानं पटकन विरघळतात,” त्या म्हणाल्या. “गुलाबाला वेळ लागतो.”

धाकटीची कानशिलं तापली. तरी माणूस बुडताना काडीला धरतो, तसं तिनं ते वाक्य धरलं.

“पण पाकळ्यांबद्दल तुम्हीच म्हणाला होतात ना? इतकी बारीक पाकळी फक्त घड्याळाच्या पोटात बघितली, म्हणून?”

घड्याळजींनी प्रामाणिकपणे आठवून बघितलं.

“मी? नाही बाई. जे फोडायचंय ते मी बघतच नाही. बघितलं तर हात उचलेल का?”

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला थोरल्या जाऊबाई केक कापत होत्या. त्यांनी हे ऐकलं. चाकू क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू लागला. त्यांनी मान वर केली नाही, आणि त्यावरूनच धाकटीला सगळं कळलं. घड्याळजींचं वाक्य, उशाशी ठेवलेला गुलाब, वर्षावर्षाची सगळी वाक्यं एकाच कारखान्यातली होती. ती वाक्यं तिनं गावभर सांगितली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

केक वाढला गेला. एक आजी पूर्वी मोठ्या कारखान्याच्या उपाहारगृहात स्वयंपाकीण होत्या. त्यांनी काप डोळ्यांजवळ धरून बघितला आणि भेगेवर बोट ठेवून जाहीर केलं की भेग नसलेल्या केकवर आपला विश्वास नाही. भेग आहे म्हणजे केक पोटातून फुललाय. त्यातून धाकटीनं भेगेत जास्तीचा जॅम सोडला होता. तो खालपर्यंत मुरला होता, आणि त्या पट्टीतला केक असा ओलसर झाला होता की भेगेजवळचे काप कुणाला मिळाले यावरून दोन आजोबांत चक्क बाचाबाची झाली. करायला गेली एक आणि झालं भलतंच. धाकटीनंही एक घास घेतला. इतकी वर्षं या केकला तिनं हजारदा हात लावला होता, पण चव घेऊन तिला किती दिवस झाले होते हे तिला आठवेना. केक फार चांगला होता. उरलेला काप तिनं बशीत तसाच ठेवला.

आश्रमाच्या बाईंनी विचारलं, ही भेग वर ठेवायची कल्पना कुणाची?

“हिची,” थोरल्या जाऊबाई म्हणाल्या. “ही आमची धाकटी. दर वर्षीचे गुलाबही हीच करते. यंदा केक उलटा घालायचा नाही, भेग लपवायची नाही, हे हिनंच ठरवलं.”

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर धाकटीला बरं वाटलं असतं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घड्याळजींचा चेहरा मात्र उतरला. आपण इतका वेळ कुणाशी बोलत होतो हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. त्यांनी हातोडी हळूच रुमालाखाली सरकवली.

“गुलाब चांगले असायचे हं,” ते खाली बघत म्हणाले.

हे कसं सुचलं, असं आश्रमाच्या बाईंनी पुन्हा विचारलं. बावीस माणसं तिच्याकडे बघत होती. खरं सांगायची हीच वेळ होती, आणि धाकटीला ते कळतही होतं.

“सुचलं असंच,” ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर रिकामं खोकं धाकटीनं एकटीनं घेतलं होतं. अर्धा रस्ता मागे पडला. मग तिनं विचारलं, घड्याळजी ते कधी म्हणालेच नव्हते ना?

“नाही,” थोरल्या जाऊबाई म्हणाल्या.

“आणि उशाशी गुलाब?”

“तेही नाही.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “पहिल्या वर्षी मी परत आले तर तू दारात उभी. तीन दिवस खपली होतीस. कवळी मोडली म्हणून कशी सांगणार? म्हणून एक वाक्य सांगितलं. मग दर वर्षी तू विचारायला लागलीस, आणि जुनं चालेना. येताना रस्त्यात जुळवायचे. मला कुठं गं सुचतं तसलं. दोनदा तर या वळणावर थांबून राहिले होते.”

धाकटीला हसू येण्यासारखं होतं, पण आलं नाही. भेग वर ठेवली होती, ते खोक्यात घालतानाच दिसलं होतं का, असं तिनं विचारलं. दिसलं होतं, त्या म्हणाल्या. मुद्दाम ठेवली होती, हेही कळलं होतं.

“मग नेलात कशाला?”

“तू म्हणालीस ना, उघडा नेऊन ठेवा म्हणून. पातेल्यात साखर काढून खाल्लेला वेगळा. असा समोर उघडा ठेवलेला मीही कधी बघितला नव्हता. म्हटलं, तू म्हणतेस तसंच असेल तर तेही कळू दे.”

“भीती नाही वाटली?”

“वाटली की. हात कापत होते. म्हणून तर तुला दुसरी बाजू धरायला सांगितली.”

धाकटीनं मान खाली घातली ती दुकान येईपर्यंत वर केली नाही. तिला रडूही येत नव्हतं. रडणं हे ज्याच्यावर अन्याय झालाय त्याचं काम, आपला त्यावर हक्क नाही, असं तिला वाटत होतं.

दुकानात गर्दी होती. पाच-सहा नेहमीची गिऱ्हाइकं, आणि खिडकीत तिचा नवरा, हाताला साखर फासून घेऊन बसलेला. त्यानं बघताक्षणी विचारलं, काय म्हणाले मग? घड्याळजींचं यंदाचं वाक्य काय? गिऱ्हाइकंही वळून बघू लागली. उशीर झाला तरी ऐकून जाऊ, अशा तयारीनं.

थोरल्या जाऊबाई चपला काढत होत्या. त्यांनी एक श्वास घेतला आणि म्हणाल्या, “म्हणाले की...”

त्यांच्या चेहऱ्याकडे बघून धाकटीला कळलं की यंदाचंही वाक्य तयार आहे. इतकं सगळं होऊनही त्यांनी ते वाटेत जुळवलं होतं.

“ताई, नका,” ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. भर दुकानात, माणसांकडे बघून. घड्याळजी काही म्हणाले नाहीत, कधीच म्हणाले नव्हते. आपले गुलाब तिथं हातोडीनं फोडतात आणि चहात घालतात. तिथं सगळे वाट बघतात ती ताईंच्या केकची. आणि आज भेग आपण वर ठेवली, ती हलकं करायचं म्हणून नाही. ताईंची फजिती व्हावी म्हणून ठेवली. हे सगळं सांगताना तिचा आवाज चढला नाही की फाटला नाही; गिऱ्हाइकाला दुकानाची वेळ सांगावी तशी ती बोलली. नवरा हाताची साखर पुसत राहिला.

थोरल्या जाऊबाई मागच्या खोलीत गेल्या. धाकटी त्यांच्या मागून गेली. त्या भट्टीकडे तोंड करून उभ्या होत्या. आता त्या म्हणतील, जाऊ दे गं, झालं ते झालं. निदान तिला तसं वाटलं. आजवर त्या तेच म्हणत आल्या होत्या.

त्या वळल्या. त्यांचे डोळे भरले होते.

“त्या दिवशी चारचौघांत तू जे बोललीस ना,” त्या म्हणाल्या, “ते मला फार लागलं.”

धाकटी खाली मान घालून त्यांच्यासमोर उभी राहिली, आणि पुढे त्या आणखी जे बोलल्या, ते सगळं तिनं ऐकून घेतलं.